सोडे, कार्ड आणि एक सराईत इसम

कार्डाने पैसे घ्यायची कल्पना माझी. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात ते इतक्यांदा सांगून झालंय की मी नाही सांगितलं तर उद्या दूधवाला तुम्हाला सांगेल.

माझी बायको नम्रता सोडे विकते. (सोडे म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली कोळंबी. ज्यांना हे सांगावं लागतं, त्यांच्या जेवणाबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.) माल आणते काशीवहिनी. ती जयगडची. नवरा होडीवर जातो आणि ही घरी बसून कोळंबी सोलते, मीठ लावते, वाळवते. वाळलेला माल डब्यात भरून एसटीने आमच्याकडे रत्नागिरीला येते. ती येते त्या दिवशी एसटीत तिच्या शेजारची सीट रिकामी असते. "मना कदी हुभं ऱ्हावाला लागत नाय," असं ती अभिमानाने सांगते.

मी सरकारी कचेरीत क्लार्क आहे. गुणाजी शिवलकर. कचेरीत सगळे भाऊसाहेब म्हणतात. निवृत्ती इतकी जवळ आली आहे की हाताखालची मंडळी माझ्याकडे न बघता माझ्या खुर्चीकडे प्रेमाने बघायला लागली आहेत. या वयात माणसाने संध्याकाळी घरी यावं, चहा घ्यावा, आणि कोणाच्या अध्यातमध्यात पडू नये. मला हे सगळं कळतं. कळूनही मी पडलो.

त्याआधी नम्रताचा धंदा सरळ चालला होता. ओळखीतल्या ओळखीत. मुंबईची बहीण तिच्या सोसायटीत सांगायची, सोसायटीतली बाई तिच्या जावेला सांगायची. फोनवर ऑर्डर यायची, फोनवरच पैसे यायचे, पार्सल जायचं. कुठे खळखळ नाही. पण एखादी गोष्ट बिनबोभाट चालली असली की तिला सुधारणा सुचवल्याशिवाय आमच्या खात्यातल्या माणसाला झोप येत नाही.

"आपण कार्ड घ्यायला सुरुवात करू," मी म्हटलं.

"कशाला?"

"मोठी गिऱ्हाइकं कार्डानं पैसे देतात."

"आत्ताची गिऱ्हाइकं काय लहान आहेत?"

"तसं नव्हे. विश्वास वाढतो."

"कोणाचा कोणावर?" नम्रता म्हणाली. तिला काय विचारायचं होतं ते मला आता, सगळं होऊन गेल्यावर, नीट कळलं आहे.

मी ऑनलाइन दुकान उघडून दिलं. नाव दिलं 'खाडीकाठ'. पैसे गोळा करून देणारी एक कंपनी असते, तिच्याकडे नोंदणी केली. तिथे संस्थेचं नाव भरायचं होतं. दोघींचा मान राखायला मी 'नम्रता काशी एंटरप्रायझेस' असं भारदस्त नाव घातलं. चौकोन छोटा होता, नाव मोठं होतं. त्यातलं चौकोनाने किती घेतलं आणि किती सोडलं, हे मी बघितलं नाही.

मग सिस्टीम चालते की नाही हे तपासायला मी माझ्याच कार्डावरून अर्धा किलो सोडे मागवले.

"घरात डबाभर आहेत," नम्रता म्हणाली.

"प्रश्न सोड्यांचा नाही. प्रक्रियेचा आहे."

प्रक्रिया अशी झाली की आमच्या ओटीवरून निघालेलं पार्सल मारुती मंदिराजवळच्या कुरियरवाल्याकडे गेलं, तिथून पाली मागे टाकून आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलं, तिथे त्याला शिक्का बसला, आणि ते घाट उतरून परत आमच्याच ओटीवर आलं. मी सही करून घेतलं. नम्रताने ते वांग्यात घातले. काशीवहिनीसकट आम्ही जेवलो आणि विषय संपला.

(मला तरी तसं वाटलं.)

दुकान चाललं, हे खोटं कशाला बोलू? पुण्याहून ऑर्डरी यायला लागल्या. काशीवहिनीने हुरूप येऊन त्या हंगामातला सगळा माल आम्हालाच दिला, बाजारात एक डबा नेला नाही. मेअखेर होड्या वर ओढल्या की मग मासेमारीबंदीचे दिवस. समुद्र बंद, कमाई बंद. त्या दिवसांची तिची सगळी भिस्त आता 'खाडीकाठ'वर होती. नम्रताने तिला सांगितलं होतं, "वहिनी, काळजी करू नको, हे आहेत ना." हे म्हणजे मी. मला त्या वेळी छाती फुगल्यासारखं वाटलं होतं. आता नुसतं छातीत वाटतं.

मग एके दिवशी संध्याकाळी कंपनीचा ईमेल आला. सूरज नावाच्या पुण्याच्या गृहस्थांनी तीन किलो सोडे मागवले होते. तीन किलो सोडे म्हणजे गंमत नाही, एका घरात एवढे सोडे लग्नालाच शिजतात. माल जाऊन बरेच दिवस झाले होते. आता त्या गृहस्थांनी त्यांच्या बँकेला कळवलं होतं की पार्सल मिळालंच नाही. त्यामुळे बँकेने पैसे परत ओढून घेतले होते, आणि या कामाचा वेगळा आकारही आमच्याकडूनच कापला होता. याला डिस्प्यूट म्हणतात. पार्सल पोचलं होतं हे आम्ही पुराव्यानिशी सिद्ध करायचं.

"म्हणजे सोडेही गेले आणि पैसेही?" नम्रताने विचारलं.

"आणि वर दंड."

काशीवहिनी त्या दिवशी आलेली होती. पायरीवर बसून चहा पीत होती. ती म्हणाली, "म्हंजे कोळंबी बी गेली, जाळा बी गेला, आन् होडीचा भाडा बी आपनच द्यायचा?"

इतक्या थोडक्यात तो ईमेलसुद्धा सांगू शकला नव्हता.

मी दुसऱ्या दिवशी कुरियरच्या कचेरीत गेलो. तिथला सागर मला ओळखतो. ओळखतो म्हणजे, आमची पार्सलं आली की तो दोन्ही खिडक्या उघडतो. त्याने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, "डिलिव्हर झालंय, भाऊसाहेब. ही बघा सही."

पडद्यावर एक वळवळणारी रेघ होती.

"ही सही? हे गांडूळ आहे."

"फोनवर बोटाने करतात ना, सगळ्यांची अशीच येते. ही तुमची बघा."

माझी सही म्हणजे दोन गांडुळं होती. मी मुकाट्याने त्याची प्रत घेऊन आलो.

आता माझ्या आयुष्यात एक गोष्ट मला येते, आणि ती म्हणजे प्रकरण तयार करणं. पुरावा मागता काय? थांबा, म्हटलं, देतो. मी विषय घातला, संदर्भ घातले, 'उपरोक्त विषयान्वये' घातलं. ज्या टेबलावर पार्सल बांधलं त्या टेबलाचा पंचनामा केला. पंच म्हणून शेजारच्या धोंडूबाईंना बोलावलं. त्यांनी टेबल बघून "वाळवी लागल्येय" असं मत दिलं, तेही मी नोंदवलं. काशीवहिनीचा जबाब घेतला.

"कोळंबी कुठून आणलीत?"

"दर्यातनं."

"नेमक्या कोणत्या ठिकाणाहून?"

"भावोजी, दर्याला काय सर्वे नंबर असतो?"

मी 'समुद्र (सर्व्हे नंबर उपलब्ध नाही)' असं लिहिलं. आमच्या घरापासून कुरियरच्या कचेरीपर्यंतचा हातनकाशा काढला, त्यात वाटेतली विहीर दाखवली. एवढं सगळं झाल्यावर तो सगळा गठ्ठा स्कॅन केला आणि कंपनीच्या साइटवर चढवायला गेलो तर, फाईल मोठी आहे. लहान केली. अजून मोठी. आणखी लहान केली. शेवटी ती चढली तेव्हा एकेका पानावर मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं दिसत होतं. पण चढली. मी खुर्चीत मागे रेलून बसलो. प्रकरण वरिष्ठांकडे गेलं की मला नेहमी असंच शांत वाटतं.

"ते वाचणार कोण?" नम्रताने विचारलं.

"वाचायची गरजच नाही. वजन बघूनच हादरतील."

"मी त्या माणसाला सरळ फोन करू का?"

"अजिबात नको! प्रकरण न्यायप्रविष्ट आहे." (नव्हतं. पण हे वाक्य म्हटलं की आमच्या कचेरीत लोक परत जातात. नम्रता गेली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.)

या सगळ्याचा माझ्या स्वभावावर परिणाम झाला. जग लबाड आहे असं मला दिसायला लागलं. रिक्षावाल्याने सुटे दिले की मी ते उजेडात धरून बघायचो. आणि अशाच मनःस्थितीत एक दिवस कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या कार्डाची मागची बिलं उघडली. एरवी मी ती कधी बघत नाही. त्यात इंग्रजी अक्षरांत एक नाव होतं: 'नामकासेंट'.

नामकासेंट!

मी ते दोनदा वाचलं. कोण हा नामकासेंट? मला वाटलं कोणी कोरियन असावा. किंवा एखादं परदेशी अत्तर. सेंट तर म्हटलेलंच होतं. अत्तर मी शेवटचं लावलं ते माझ्या लग्नात, तेही मेव्हण्याने. म्हणजे माझ्या कार्डावर कोणीतरी अत्तरं फवारत होतं!

मी ताबडतोब बँकेला फोन लावला. तिथल्या मुलीने विचारलं, हा व्यापारी ओळखीचा आहे का? मी म्हटलं, आमच्या अख्ख्या कुळात कोणाच्या ओळखीचा नाही. माल मिळाला का? म्हटलं, कसला माल, मी कधी डोळ्यांनी पाहिला नाही. तिने कार्ड बंद केलं आणि तक्रार नोंदवून घेतली. फोन ठेवल्यावर मी सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं म्हणालो, "अशा लोकांना वेळीच ठेचावं लागतं." आमच्या साहेबांनी केबिनमधून मान बाहेर काढून बघितलं. त्यांना वाटलं मी त्यांच्याबद्दल बोलतोय.

पुढच्याच आठवड्यात 'खाडीकाठ'वर दुसरा डिस्प्यूट आला.

आणि या वेळी नुसता डिस्प्यूट नव्हता. लागोपाठ दोन गिऱ्हाइकांनी तक्रार केल्यामुळे दुकान संशयास्पद वाटतं, सबब कार्डाची सेवा थांबवली आहे आणि जमा असलेली सगळी रक्कम चौकशी होईपर्यंत अडकवून ठेवली आहे, असं कंपनीने कळवलं होतं. सगळी रक्कम. म्हणजे काशीवहिनीचा सगळा हंगाम.

ती समोरच होती. आल्या आल्या तिने आमच्यासाठी आणलेले बांगडे विळीवर घेतले होते. नम्रताने तिला सगळं सांगितलं. वहिनी नुसती बांगड्याचे कल्ले काढत राहिली.

"वहिनी, मी घरातून देते तुला," नम्रता म्हणाली.

"तुज्या घरातनं कशाला?" वहिनी म्हणाली. "तू काय खाल्लेस काय माझे सोडे? ज्याने खाल्ले त्यानं द्यावं." आणि जरा थांबून म्हणाली, "होड्या वर घेतल्या की मग बगू. भागवून ऱ्हावतो आमी. दरवर्साला ऱ्हावतो."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला रागावलेल्या माणसांची सवय आहे; दिवसभर खिडकीशी तीच असतात. पण हे तिने इतकं सहज म्हटलं की मला तिच्याकडे बघवेना. म्हणून मी मोठ्याने बोलायला लागलो.

"हा दुसरा इसम सराईत आहे! हे टोळीचं काम आहे. पहिल्याने वाट दाखवली, दुसरा मागोमाग आला. माल घेतो, खातो, आणि वर म्हणतो व्यापारी ओळखीचा नाही! अशा माणसाला आईबाप कसे वाढवतात, मला कळत नाही."

"अहो," नम्रता फोनकडे बघत म्हणाली.

"थांब, मला बोलू दे. याचं नाव-गाव काढतो. याच्या दारात जाऊन उभा राहतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळू दे, कोण राहतं इथे!"

"अहो, तुम्ही दारातच उभे आहात."

मी खरोखरच दारात उभा होतो. पण त्यात सांगण्यासारखं काय, मला कळेना.

तिने फोन माझ्यापुढे धरला. ऑर्डर अर्धा किलो. पत्ता आमचा. नाव गुणाजी शिवलकर. तक्रारीचं कारण: व्यापारी अनोळखी, माल पाहिलेला नाही. त्याखाली व्यापाऱ्याचं नाव, चौकोनात मावावं म्हणून प्रत्येक शब्दाची पहिली तीन इंग्रजी अक्षरं ठेवलेलं. नम्रतातलं 'नाम', काशीतलं 'कास', आणि एंटरप्रायझेसमधलं 'एंट'.

मला कोणीतरी खाली बसा म्हणेल असं वाटलं. कोणी म्हटलं नाही. मी आपला आपणच बसलो.

"वांग्यात घातले होते ते?" काशीवहिनीने विचारलं.

"तेच," नम्रता म्हणाली.

"दोनदा वाडून घेतलं होतंनी भावोजींनी."

बँकेला तिथल्या तिथे फोन लावायला लागला. स्पीकरवर, कारण माझ्यावर आता कोणाचा विश्वास उरला नव्हता.

"सर, हा व्यवहार तुम्ही स्वतः केला होता?"

"हो."

"पण तक्रारीत व्यापारी ओळखीचा नाही असं म्हणालात."

"ती माझी बायको आहे."



"सर, बायको ओळखीची नाही?"

"बायको ओळखीची आहे. तिचं नाव ओळखीचं नव्हतं."

"आणि माल मिळाला नाही असंही म्हणालात."

"पाहिला नाही असं म्हणालो. मिळाला होता. खाल्ला."

"न बघता?"

मुलगी बिचारी शिकवल्यासारखं हळुवार बोलायला लागली. "सर, तुम्ही कोणाच्या दबावाखाली ही तक्रार मागे घेत नाही ना?"

मी मागे वळून बघितलं. नम्रता हाताची घडी घालून उभी होती. काशीवहिनी विळीवर बसली होती आणि बांगड्याचं डोकं वेगळं करत होती.

"नाही," मी म्हटलं.

तक्रार मागे घेतल्याची नोंद झाली. कंपनीला ते बँकेकडून कळेल, मग कंपनी विचार करेल. केव्हा करेल ते त्या मुलीला सांगता येईना. माझा पंचनामा वाचून झाला होता, असं मात्र तेवढ्यातच कळलं. 'सादर केलेला पुरावा वाचता येत नाही,' एवढंच उत्तर होतं. पहिलं प्रकरण आम्ही जवळजवळ हरलोच होतो. एकदा पुन्हा पुरावा द्यायची मुभा तेवढी बाकी होती.

मी काही बोलायच्या आत नम्रताने त्या सूरजच्या ऑर्डरवरचा नंबर स्पीकरवरच लावला. या वेळी मी 'न्यायप्रविष्ट' वगैरे काही म्हटलं नाही. एक सराईत इसम म्हणून माझी बोलायची पत राहिली नव्हती.

मला वाटलं होतं ती भांडेल. तिने भांडण काढलंच नाही.

"हॅलो, मी रत्नागिरीहून नम्रता. सोडे पाठवले होते ना तुमच्याकडे? त्या खेपेला मीठ जरा जास्त पडलं होतं. फार खारट नाही ना झाले?"

पलीकडून एका म्हातारीचा आवाज आला. "अगो बाय माझे! तू ती सोडेवाली? खारट कुठले गो! किती वर्सांनी असले सोडे खाल्ले. मी संगमेश्वरची. पोरगा इथून आणतो ते सोडे नुसते भुश्यासारखे लागतात. सुनेला वास सोसत नाय, म्हणून मी ग्यालरीत शेगडी ठेवून खिचडी केली. खालच्या मजल्यावरची बाई वाटी घेऊन वर आली!"

त्या सूरजच्या आई होत्या; पार्सल घ्यायला घरी त्याच असायच्या, म्हणून नंबर त्यांचा दिलेला होता. येसूबाई. चार शब्द बोलायला माणूस मिळाल्यावर माणसं बोलतात तशा त्या बोलत होत्या. आधी वांग्यात केले, मग पोह्यात केले, निम्मे लेकीला सातारला पाठवले. मी नम्रताला रेकॉर्डिंग चालू कर अशी खूण करत होतो, म्हणजे हवेत बोट गोल गोल फिरवत होतो. तिला वाटलं मी चहा ढवळायला सांगतोय. तिने मला हातानेच स्वयंपाकघर दाखवलं.

"आणि ते फुकट आले ना गो," येसूबाई म्हणाल्या. "सूरज म्हणाला, कंपनीची कायतरी स्कीम आहे. पैसे परत येतात. मी म्हटलं, एवढा चांगला माल देऊन पैसे परत देतात, कसली देवमाणसं आहेत!"

नम्रताच्या हातात आता सगळा पुरावा होता, पण तिला त्या म्हातारीला काय सांगावं कळेना. तिने आमच्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. काशीवहिनी पदराला हात पुसत उठली आणि फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "आजी, स्कीम नाय ती. माझी बोटं हायत ती."

आणि मग तिने सांगितलं. आवाज न चढवता, सरळ. कोळंबी कुठून आली, कोणी सोलली, पैसे कोणाचे गेले, कोणी नेले. माझ्या जबाबात जे कुठे आलं नव्हतं ते सगळं.

पलीकडून रस्त्यावरच्या गाड्यांचा तेवढा आवाज ऐकू येत होता. मग येसूबाईंनी विचारलं, "सोलताना काटा लागतो ना गो? नखाच्या कडेला?"

"लागतो," वहिनी म्हणाली.

"आणि मग मिठात हात घालायचे."

"व्हय."

"मी लहानपणी आत्याकडे जायची, तेव्हा सोललेत," येसूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम थकला होता. "ठेव फोन, बाय. सूरज सहा वाजता येतो."

सूरज सहा वाजता आला असणार, कारण साडेसात वाजता त्याचा मेसेज आला. 'गैरसमजातून तक्रार झाली होती, मागे घेतली आहे, तसदीबद्दल क्षमस्व.' 'क्षमस्व' त्याने लिहिलं की त्याच्या आईने लिहायला लावलं, कोण जाणे. थोड्या वेळाने येसूबाईंचाही फोन आला. आणखी एक किलो पाठवायला सांगत होत्या. "आणि पैसे आधी घे हो," म्हणाल्या. "माझ्या नावावर असले तरी आधी घे."

मला त्या सूरजचा राग यायला हवा होता. आला नाही, खरं सांगायचं तर. त्याने जाणूनबुजून केलं आणि मी अजाणता केलं, एवढाच फरक. पण कंपनीच्या पडद्यावर आमची दोघांची नावं एकाखाली एक होती, दोन्ही लाल रंगात. आणि काशीवहिनीची झोप उडवायच्या कामी आम्ही दोघांनी सारखाच हातभार लावला होता.

त्यानंतर नम्रताने धंद्याचा कारभार स्वतःकडे घेतला. घेतला म्हणजे, मला पासवर्ड विचारला, आणि मी सांगितल्यावर तो बदलला. आता मोठी ऑर्डर आली की ती आधी फोन करते. कशात घालणार आहात विचारते, मीठ किती हवं विचारते, आणि पार्सल पोचल्यावर पुन्हा फोन करून कसे झाले विचारते. एकदा आपल्याशी बोललेलं माणूस सहसा खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं आहे. माझं यावर काही म्हणणं नाही. मला आता कशावरच नाही.

होड्या वर ओढायच्या आधी कंपनीचा निकाल आला. काशीवहिनी तेव्हा घरीच होती. ईमेल लांबलचक आणि कार्यालयीन भाषेतला होता, त्यामुळे तो वाचून दाखवायचा मान मला मिळाला. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी मला खुर्ची दिली. मी घसा साफ केला.

अडकलेली रक्कम मोकळी केली होती. कार्डाची सेवा पुन्हा सुरू केली होती. (कापलेला दंड परत मिळणार नव्हता. तसा तो कुठेच मिळत नाही. आमच्याही खात्यात नाही.) काशीवहिनीने डोळे मिटून हात जोडले. नम्रताने तिच्या पाठीवर हात ठेवला. मीच सगळं घडवून आणलं आहे अशा आवाजात मी पुढे वाचत राहिलो.

"आपल्यासारख्या प्रामाणिक विक्रेत्यांना लबाड खरेदीदारांपासून संरक्षण मिळावं यासाठी आम्ही कटिबद्ध आहोत. दोन्ही खरेदीदारांच्या वर्तनाची छाननी केली असता, पहिल्यास ताकीद देऊन सोडण्यात आलं आहे."

"सोडला?" काशीवहिनी म्हणाली. "बरा झाला. म्हातारीचा पोर हाय."

"दुसऱ्या खरेदीदाराचं वर्तन मात्र गंभीर आहे. त्याने माल स्वतः सही करून घेतला, खाल्ला, तरी पाहिला नाही असं सांगितलं. विक्रेत्याच्याच घरात राहत असून विक्रेत्याची ओळख नाकारली. त्याच्या बोलण्यात एकही वाक्य दुसऱ्याशी जुळत नाही. सबब सदर इसमास..." इथे माझा आवाज आपोआप खाली आला.

"वाचा की," नम्रता म्हणाली.

"सदर इसमास आपल्या दुकानातून खरेदी करण्यास कायमची बंदी घालण्यात आली आहे."

काशीवहिनीने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. एवढ्या दिवसांत ती हसलेली मी पहिल्यांदा बघितली, म्हणून मला तिचं काही वाटलं नाही. पण माणसाला स्वतःची काही इभ्रत असते. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "मी अपील करतो. कागदपत्रं तयार करतो. पुराव्यानिशी!"

"करू नका," नम्रता म्हणाली, आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला. "या सगळ्या प्रकरणात त्यांनी पुरावा नीट वाचून दिलेला एवढा एकच निकाल आहे. तो तरी राहू दे."